पुरण भरलेला डोरा केक

लेक सहा वर्षांची असताना एका दुपारी तिनं फर्मान सोडलं, "मम्मी, मुझे डोरा केक खाना है." आमच्या घरात हिंदी कुणी बोलत नाही. सासूबाई सांगलीच्या, मी वर्ध्याची, नवरा सदाशिव पेठेत वाढलेला. शेजारीपाजारीही मराठीच. तरी या पोरीला हिंदी अशी फर्डी यायची की किराणावाले काका तिला "बेटा, किधर की हो?" म्हणून विचारायचे. शिकवली कुणी, तर कार्टूनमधल्या एका निळ्या, कान नसलेल्या जपानी बोक्यानं. डोरेमॉननं.

डोरा केक म्हणजे मुळातलं दोरायाकी. तळहाताएवढी दोन मऊ, गोड धिरडी आणि त्यांच्यामध्ये अझुकी नावाचं लाल कडधान्य शिजवून, साखर घालून आटवलेलं सारण. हिंदीत आवाज देणाऱ्यांनी त्याचा केक करून टाकला. मला पदार्थ माहीत होता, कारण जपानी हीच माझी भाकरी आहे. चाकणच्या कारखान्यांमध्ये मी दुभाषी म्हणून काम करते. पण त्या दुपारी अझुकी कुठून आणणार? होळी नुकतीच झाली होती, फ्रिजमध्ये वाटीभर पुरण उरलं होतं. कणकेची गूळ घातलेली छोटी धिरडी काढली, मध्ये पुरण थापलं, वरून दुसरं धिरडं दाबलं. लेकीनं एक घास घेतला, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, "ये तो पुरणपोळी है."

सासूबाईंना इतका आनंद मी आधी क्वचितच पाहिला होता.

हा बोका साधासुधा नाही. मार्च 2008 मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्यानं त्याला ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनचा राजदूत नेमलं होतं. परराष्ट्रमंत्री मासाहिको कोमुरा यांनी डोरेमॉनचा पोशाख घातलेल्या माणसाच्या हाती रीतसर नियुक्तिपत्र दिलं, सोबत दोरायाकीही ठेवले होते. ऐकून हसू येतं, पण खात्याचा हिशेब पक्का होता. जगभरातल्या मुलांना दारात चपला काढणारं, चटईवर झोपणारं, आईच्या धाकात असलेलं एक जपानी घर आयतंच माहीत झालंय, मग त्याचा उपयोग करून का घेऊ नये? 'सॉफ्ट पॉवर' हा शब्द तोवर सगळ्या परराष्ट्र खात्यांच्या तोंडी रुळला होता. फौज नाही, दमदाटी नाही. समोरच्याला आपण आवडू लागलो की अर्धं काम झालं, असा त्याचा साधा अर्थ.

आणि मग या राजदूतानं काय केलं? 2013 साली बांगलादेश सरकारनं त्याचं हिंदी प्रक्षेपण बंद केलं. कारण काय, तर ढाक्याची पोरं बंगाली सोडून हिंदी बोलायला लागली होती! जपानचा बोका, भाषा हिंदी, तक्रार बंगाल्यांची. तोक्योत नियुक्तिपत्र देताना या प्रसंगाची कल्पना कुणी केली असेल, असं मला वाटत नाही. आमच्या घरी तरी वेगळं काय झालं? जपाननं पाठवलेला माल हिंदीतून आला आणि शेवटी पुरणात जाऊन पडला.

मी जपानी शिकायला लागले ती नोकरीसाठी. पुण्यात तेव्हाही जपानी शिकणाऱ्यांची कमी नव्हती. संध्याकाळचा वर्ग, लाकडी बाकं, फळ्यावर हिरागाना लिपीच्या ओळी. आमच्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, वयस्कर मराठी बाई होत्या. त्या आधी वाकून नमस्कार कसा करायचा ते शिकवत आणि मग क्रियापदं. पुस्तकातला जपान लख्ख होता. गाड्या मिनिटावर सुटायच्या, विसरलेली छत्री परत मिळायची, कुणी आवाज चढवत नसे. खरा जपान मला चाकणला भेटला. पहिल्याच मोठ्या बैठकीत आमच्या खरेदी विभागाच्या साहेबांनी दर सांगितला. समोरच्या जपानी पाहुण्यांनी श्वास दातांतून आत ओढला, मान किंचित कलती केली आणि म्हणाले, "केंतो शिमासु." मी भाषांतर केलं, "विचार करतो म्हणताहेत." शब्दश: बरोबर. आमचे साहेब तीन आठवडे उत्तराची वाट बघत बसले. सेन्सेईंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, ते नाही म्हणाले होते!"

जपानीत 'ओमोते' म्हणजे पुढची बाजू, दर्शनी बाजू, आणि 'उरा' म्हणजे आतली, मागची. कापडालाही हे शब्द लागतात, गल्लीलाही आणि माणसालाही. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) सरकारनं व्यापाऱ्यांच्या भपक्यावर बंधनं घातली, तेव्हा पैसेवाले लोक बाहेरून साधा किमोनो घालत आणि आतल्या अस्तरावर रेशमी चित्रं रंगवून घेत, असं वाचल्यापासून मला हा देश जरा जास्त कळायला लागला. सरकारं मात्र उलटं शिवतात. सगळी जर ओमोतेवर, अस्तर कसंही असो. हे फक्त जपानचं नाही, पण जपाननं ओमोते शिवण्याची कला फार मन लावून जोपासली आहे.

वर्गात एकदा तीन मार्चला, हिनामात्सुरीच्या दिवशी, म्हणजे मुलींच्या बाहुल्यांच्या सणाला, सेन्सेईंनी एक फोटो फिरवला. जुनी, गोऱ्या चेहऱ्याची, निळ्या डोळ्यांची बाहुली. फ्रॉक, मोजे, बूट, टोपी. जपानी वाटावं असं तिच्यात काहीच नव्हतं. "ही जपानी सरकारची कैदी होती," सेन्सेई म्हणाल्या आणि गोष्ट सांगितली.

1924 साली अमेरिकेनं कायदा करून जपानी लोकांना आपली दारं बंद केली. जपानला ते फार लागलं. सिडनी गुलिक नावाचे एक अमेरिकन मिशनरी होते, त्यांची वीसेक वर्षं जपानमध्ये गेली होती. त्यांनी डोकं लढवलं: मोठ्यांचं जमत नाही ना, मग मुलांची मैत्री करून देऊ. अमेरिकेतल्या शाळा, चर्च आणि घराघरांतून बाहुल्या गोळा झाल्या. 1927 च्या हिनामात्सुरीसाठी बारा हजारांवर बाहुल्या बोटीनं जपानला निघाल्या. प्रत्येकीला नाव, प्रत्येकीच्या हातात चिमुकला पासपोर्ट आणि मुलांनी लिहिलेलं पत्र. माणसांना व्हिसा मिळत नव्हता, त्यांना मिळाला. आडवं केलं की डोळे मिटणाऱ्या आणि कित्येक तर 'मामा' म्हणणाऱ्या या पाहुण्या जपानभरच्या शाळांमध्ये आणि बालवाड्यांमध्ये वाटल्या गेल्या. त्यांच्या स्वागताला समारंभ झाले, मुलांनी गाणी म्हटली.

घेतलं तर परत द्यायचं, हा जपानी रिवाज कडक. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, तसंच. जपानी मुलींकडून एकेक सेन, म्हणजे येनचा शंभरावा भाग, गोळा करण्यात आला. (टिळकांच्या काळातला आपला पैसा फंड आठवा.) त्यातून त्या वर्षअखेर 58 मोठ्या बाहुल्या अमेरिकेला गेल्या. तीनेक वर्षांच्या मुलीएवढी उंची, रेशमी किमोनो, खऱ्या केसांचे भांग, सोबत लाखकामाच्या पेट्या आणि चहाची भांडी. प्रत्येकीला एकेका प्रांताचं किंवा शहराचं नाव. नामांकित कारागिरांनी त्या घडवल्या होत्या. अमेरिकेनं दुकानातल्या बाहुल्या पाठवल्या आणि जपाननं प्रदर्शनात ठेवायच्या, हा फरक मला फार बोलका वाटतो. एका बाजूला खेळणं, दुसऱ्या बाजूला ओमोते.

चौदा वर्षांनी पर्ल हार्बर झालं, जपान-अमेरिका युद्ध पेटलं. 1943 च्या सुमाराला जपानमध्ये या निळ्या डोळ्यांच्या पाहुण्यांना शत्रूच्या हेर ठरवून नष्ट करायचा हुकूम निघाला. काही शाळांनी मुलांसमोर त्या जाळल्या, काही ठिकाणी बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या. ज्या मुलांनी गाणी म्हणून स्वागत केलं होतं, त्यांचीच धाकटी भावंडं हे बघत उभी होती. पण काही शिक्षकांचा हात धजला नाही. कुणी बाहुली माळ्यावर ठेवली, कुणी कपाटामागे, कुणी खोक्यात घालून खोकं विसरून गेलं. हे करताना पकडलं जाणं म्हणजे काय, हे त्या काळातल्या माणसाला सांगायला नको. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी शाळांच्या दुरुस्त्या होताना, जुन्या इमारती पाडताना त्या एकेक सापडायला लागल्या. आजवर तीनशेच्या आसपास सापडल्यात. सेन्सेईंच्या फोटोतली त्यांतलीच एक.

सेन्सेई हे सांगत होत्या तेव्हा मला वाटत होतं की ती बाहुली आता अमेरिकेची उरलीच नाही. तिच्या पासपोर्टवर काहीही छापलेलं असो, जिनं तिला माळ्यावर लपवलं त्या बाईची ती झाली.

वॉशिंग्टनमधल्या साकुरांची, म्हणजे जपानी चेरीच्या झाडांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण अर्धीच. 1910 साली जपाननं पाठवलेली पहिली 2000 झाडं किडलेली निघाली आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या संमतीनं अमेरिकेनं ती चक्क जाळून टाकली. मैत्रीची भेट, आणि तिची होळी! तोक्योचे महापौर युकिओ ओझाकी यांनी ते मनावर घेतलं नाही. 1912 साली निवडून, तपासून 3020 झाडं पाठवली, ती रुजली. डिसेंबर 1941 मध्ये संतापलेल्या कुणीतरी त्यातली चार तोडली. बाकीच्यांची नावं बदलली, 'जपानी' चेरी म्हणायचं सोडून 'ओरिएंटल' चेरी म्हणू लागले, तेवढ्यावर ती वाचली. आणि ज्या आराकावा नदीकाठच्या वाणापासून ती झाडं आली, तो तोक्योचा काठच युद्धकाळात उजाड झाला, तेव्हा 1952 साली वॉशिंग्टनहून त्याच झाडांच्या फांद्या कलमांसाठी परत जपानला गेल्या. सासरी गेलेल्या मुलीनं माहेर सावरावं तसं.

या सगळ्याला खातं, अंदाजपत्रक आणि फाइल मिळाली ती बरीच पुढे. 1972 साली जपान फाउंडेशन स्थापन झालं. अमेरिकेनं जपानला न विचारता चीनशी बोलणी सुरू केली होती आणि डॉलरचं धोरण बदललं होतं. आपल्याला कुणी ओळखत नाही, फक्त आपला माल ओळखतात, ही जाणीव तोक्योला टोचत होती. ती किती खरी होती ते जानेवारी 1974 मध्ये दिसलं. पंतप्रधान काकुएई तानाका बँकॉकला आणि जकार्ताला गेले तर रस्त्यावर निदर्शनं. जकार्तात जपानी गाड्या पेटवल्या, नाल्यांत लोटल्या. टेपरेकॉर्डर आणि मोटारसायकली घरोघर पोहोचल्या होत्या, माणसं पोहोचली नव्हती. 1977 साली पंतप्रधान ताकेओ फुकुदा मनिलात म्हणाले की आम्ही लष्करी सत्ता होणार नाही, आग्नेय आशियाशी 'मनापासून मनापर्यंत' असं नातं जोडू. त्यातून भाषेचे वर्ग, शिष्यवृत्त्या, परीक्षा, शिक्षकांचं प्रशिक्षण असा पसारा उभा राहिला. माझ्या हातातलं प्रमाणपत्र हीही त्याच पसाऱ्यातली एक पावती, हे मी नाकारत नाही.

पुढे 'कूल जपान' आलं. 2013 साली सरकारी पैशांचा फंडच काढला, जपानी संस्कृती जगाला विकायला. त्यातले पैसे क्वालालंपूरच्या एका चकचकीत जपानी डिपार्टमेंट स्टोअरमध्ये घातले. 2018 साली तिथून अंग काढून घ्यावं लागलं. फंडाचा एकूण तोटा हा तिथल्या वर्तमानपत्रांचा नेहमीचा विषय होऊन बसला. डोरेमॉनला तोवर कुणाच्या फंडाची गरज लागली नव्हती, हे मला जरा गंमतीचं वाटतं.

ओमोतेची खरी परीक्षा होते ती कुणी अस्तर उलटून दाखवलं की. सॅन फ्रान्सिस्को आणि ओसाका 1957 पासून भगिनी-शहरं होती. 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक स्मारक उभं राहिलं, जपानी सैन्यानं युद्धकाळात डांबून ठेवलेल्या आणि लैंगिक गुलाम केलेल्या कोरियन, चिनी, फिलिपिनो अशा अनेक देशांच्या मुलींचं. तीन मुली हात धरून गोल उभ्या आहेत आणि बाजूला उभी एक म्हातारी त्यांच्याकडे बघते आहे. ओसाकाच्या महापौरांनी आक्षेप घेतला, शहरानं स्मारक काढलं नाही, तेव्हा 2018 साली ओसाकानं साठ वर्षांचं नातं तोडून टाकलं. साठ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणी, भेटी, भाषणं, सगळं एका पुतळ्यापुढे तोकडं पडलं. एवढ्या समंजस, एवढ्या हळू आवाजात बोलणाऱ्या देशाला या एका ठिकाणी काय होतं ते मला आजही उमगत नाही. जपानी मित्रांना विचारलं तर दातांतून श्वास आत ओढतात. मला आता त्याचा अर्थ कळतो.

आपणही काही निराळे नाही म्हणा. 1905 साली जपाननं रशियाला हरवलं, तेव्हा इकडे 'आशियानं युरोपला हरवलं' म्हणून आपल्या लोकांची छाती फुगली. पाचच वर्षांत त्याच जपाननं कोरिया गिळला, तिकडे मात्र फारसं कुणी बघितलं नाही. ज्याला जे हवं असतं ते तो दुसऱ्याच्या देशातून उचलतो. धोंडो केशव कर्वे यांनीही उचललं, पण त्यांनी फार नेमकं उचललं. हिंगण्याला विधवांचा आश्रम चालवणाऱ्या अण्णांच्या हाती 1915 मध्ये एक छोटी पुस्तिका पडली, तोक्योच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी. त्याच वर्षअखेर मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. त्या भाषणात त्यांनी स्त्रियांसाठी वेगळं, मातृभाषेतून शिकवणारं विद्यापीठ हवं, असं मांडलं, आणि 1916 साली ते काढलंही. आज ते नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. माझी आई तिथली पदवीधर.

यातली खुमारी पुढे आहे. तोक्योच्या त्या संस्थेनं 1901 पासून नावात विद्यापीठ लावलं होतं खरं, पण कायद्यानं तिला तो दर्जा 1948 पर्यंत मिळाला नाही. बाईनं विद्यापीठात शिकावं हे तिथल्या सरकारला पटत नव्हतं. म्हणजे अण्णांना ज्याची प्रेरणा मिळाली ते जपानी सरकारच्या लेखी अजून विद्यापीठच नव्हतं. त्यांनी ओमोते पाहिली आणि ती खरी मानून इकडे बांधून टाकली. (आपल्या सरकारनं तरी या विद्यापीठाला कायदेशीर मान्यता कधी दिली? 1951 मध्ये. तिथल्यापेक्षाही तीन वर्षं उशिरा.)

माझी मावशी वर्ध्याला राहते. तिचं बालपण सेवाग्रामच्या आसपास गेलं. आजही संध्याकाळी दिवा लावला की ती आश्रमाची प्रार्थना म्हणते आणि तिची सुरुवात होते, 'नम्यो हो रेंगे क्यो.' लहानपणी सुट्टीत आम्हीही तिच्यामागून म्हणायचो. सवयीनं, अर्थ न विचारता. जपानीच्या दुसऱ्या वर्षात सेन्सेईंनी फळ्यावर 'नामु म्योहो रेंगे क्यो' लिहिलं, 'सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन', तेव्हा मी बाकावर ताठ बसले. फुजी गुरुजी, म्हणजे निचिदात्सु फुजी हे भिक्षू, 1933 साली वर्ध्यात गांधीजींना भेटले होते. त्यांच्या पंथाचे एक भिक्षू पुढे सेवाग्रामला राहिले, हातातला चामड्याचा चपटा ढोल वाजवत हा मंत्र म्हणायचे. महायुद्धात जपान शत्रुराष्ट्र ठरला आणि पोलीस त्यांना धरून घेऊन गेले. गांधीजींनी मंत्र प्रार्थनेत ठेवून घेतला. तिकडे जपानमध्ये कुणी बाहुली माळ्यावर ठेवत होतं, साधारण त्याच दिवसांत.

मावशीला मी उत्साहानं सांगितलं, "मावशी, हे जपानी आहे!" ती वात वळत म्हणाली, "असेल बाई. आम्हाला तर ते बापूंचंच वाटे."

दोन वर्षांपूर्वी चाकणचे एक जपानी इंजिनिअर नागपूरला कामानिमित्त आले होते, मी दुभाषी म्हणून सोबत. परतीच्या आधी एक दिवस मोकळा होता, म्हणून त्यांना सेवाग्राम दाखवलं आणि संध्याकाळी मावशीकडे नेलं. मनातल्या मनात मी प्रसंग रचून ठेवला होता: मावशी मंत्र म्हणेल, हे चकित होतील, डोळे पाणावतील. मावशीनं दिवा लावला. प्रार्थना म्हटली. ते मांडी घालून शांत बसले होते, गुडघे दुखत असावेत. संपल्यावर मी विचारलं, ओळखलंत का? ते जरा ओशाळून म्हणाले की हो, ओळखलं, पण आमच्या घरी हे म्हणत नाहीत. आमचं घराणं दुसऱ्या पंथाचं. आजी 'नामु आमिदा बुत्सु' म्हणायची.

मी मावशीला ते मराठीत सांगितलं. माझाच फुगा फुटला होता, ती मात्र अजिबात हिरमुसली नाही.

"मग तुमच्या आजीचं म्हणा ना," ती त्यांना म्हणाली. मी भाषांतर करायच्या आधीच तिनं हात जोडले होते.

ते थोडा वेळ थांबले. मग अगदी हळू आवाजात, एका सुरात, पाच-सहा वेळा त्यांनी ते म्हटलं. शेवटचं कधी म्हटलं होतं ते बहुतेक त्यांनाही आठवत नव्हतं, कारण एकदा मध्येच अडखळले.

मावशी लक्ष देऊन ऐकत होती. "पहिला शब्द सारखाच आहे की," ती म्हणाली. "नमो." आणि पोह्यांना फोडणी द्यायला आत गेली.